ब्रॅडफर्डचे छायाचित्र

१४ जानेवारी १९८९ हा शनिवार होता. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील ब्रॅडफर्ड शहरात, नगरभवनाजवळच्या चौकात, त्या दिवशी थंडीत सुमारे हजारभर माणसे जमली होती. बहुतेक पुरुष, काहींच्या डोक्यावर लोकरी टोप्या, काहींच्या अंगावर गुडघ्यापर्यंत येणारे कोट. मध्यभागी एका काठीला एक जाडजूड कादंबरी बांधलेली होती. भाषणे झाली, पुस्तकाला काडी लावली गेली आणि छायाचित्रकारांनी आपापले काम केले. दुसऱ्या दिवसापासून ते दृश्य जगभर फिरू लागले. सलमान रश्दी यांची 'द सॅटॅनिक व्हर्सेस' ही ती कादंबरी. तिच्या जळत्या पानांमागे दिसणारे दाढीधारी चेहरे हीच पुढे अनेक वर्षे ब्रिटनमधील मुसलमानांची ओळख ठरली.

या छायाचित्राचा इतिहास सांगायचा तर त्याच्या सहा आठवडे मागे जावे लागते. २ डिसेंबर १९८८ रोजी लँकेशायरमधील बोल्टन या गिरणगावात याच कादंबरीची प्रत जाळण्यात आली होती. तेथील जमाव ब्रॅडफर्डपेक्षा कितीतरी मोठा, सुमारे सात हजारांचा असल्याचे नोंदले गेले आहे. बोल्टनच्या मुसलमानांत गुजरातेतील सुरत आणि भरूच भागांतून गेलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. मोर्चा शांततेत पार पडला, लोक घरी गेले. राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. म्हणजे जे कृत्य जानेवारीत सुसंस्कृत जगाला हादरवणारे ठरले तेच डिसेंबरात बातमी होण्याइतकेही महत्त्वाचे नव्हते. फरक कृत्यात नव्हता; ते पाहण्यासाठी कोणाला बोलावले होते आणि कोण आले होते, यात होता.

ब्रॅडफर्डच्या आयोजकांनी हा धडा चांगलाच गिरवला होता. त्यांनी प्रसारमाध्यमांना आधी कळवले, चित्रीकरणाची सोय पाहिली. तत्पूर्वी प्रकाशकांना पत्रे गेली होती, सह्यांची निवेदने गेली होती, सरकारकडे मागण्या झाल्या होत्या. ब्रिटनमध्ये त्या काळी ईश्वरनिंदेचा कायदा होता, परंतु तो केवळ ख्रिस्ती धर्माला, आणि काटेकोरपणे पाहिल्यास अँग्लिकन पंथालाच, संरक्षण देत असे. तो इस्लामला लागू करावा ही मागणी न्यायालयाने पुढे फेटाळली आणि २००८ मध्ये तो कायदाच रद्द झाला. निवेदनांना उत्तर मिळत नाही, आगीला मिळते, असा निष्कर्ष ब्रॅडफर्डच्या मशीद परिषदेने काढला. तो चुकीचा होता असे म्हणता येत नाही. परंतु मिळणारे उत्तर कोणत्या भाषेत असेल याचा अंदाज मात्र त्यांना आला नाही.

युरोपच्या स्मृतीत पुस्तकांची होळी म्हटले की १० मे १९३३ च्या रात्रीचे बर्लिन उभे राहते. ब्रॅडफर्डचे दृश्य पाहताच इंग्रजी अग्रलेखकांनी नाझींचे नाव घेतले. ही तुलना सोयीची होती, न्याय्य नव्हती. बर्लिनच्या आगीमागे राज्यसत्ता होती, पोलीस होते, विद्यापीठे होती. ब्रॅडफर्डच्या आगीमागे बंद पडत चाललेल्या गिरण्यांचे जुने कामगार आणि त्यांची बेकार मुले होती. गुजरातेत जन्मलेले राज्यशास्त्रज्ञ भिखू पारेख हे त्या वेळी ब्रिटनच्या वांशिक समता आयोगाचे उपाध्यक्ष होते. त्यांनी एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे: काही महिन्यांपूर्वीच मजूर पक्षाच्या काही खासदारांनी संसदेबाहेर स्थलांतरविषयक नव्या नियमांची प्रत जाळली होती आणि त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता. मराठी वाचकाला तर येथे २५ डिसेंबर १९२७ चे महाड आठवल्यावाचून राहणार नाही. मात्र ते आठवताना हेही पाहिले पाहिजे की महाडला जे जाळले गेले ते शतकानुशतके माणसांवर लादलेले विधान होते, आणि ब्रॅडफर्डला जे जाळले गेले ती एका लेखकाची कादंबरी होती व तिच्यावर बंदी यावी ही मागणी होती. ज्याच्या हातात फक्त लेखणी आहे त्याचे पुस्तक जाळण्याचे समर्थन प्रस्तुत लेखक करू शकत नाही. तरीही निषेध करताना ज्याचा निषेध करायचा तो मनुष्य कोण आहे हे पाहण्याची जबाबदारी टळत नाही, आणि इंग्रजी वृत्तपत्रे नेमकी येथेच कमी पडली.

ही माणसे कोण होती? त्यांपैकी बहुसंख्य पाकिस्तानव्याप्त काश्मीरच्या मिरपूर जिल्ह्यातली. झेलम नदीवर मंगला धरण बांधले गेले, ते १९६७ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्याखाली सुमारे एक लाख लोकांची घरेदारे गेली. विस्थापितांपैकी पुष्कळ जण कामाच्या परवान्यांवर ब्रिटनमध्ये पोहोचले. ब्रॅडफर्डच्या लोकरगिरण्यांना रात्रपाळीसाठी माणसे हवी होती. गोरे कामगार ती पाळी घेण्यास राजी नव्हते. अशा रीतीने धरणाने उठवलेला शेतकरी गिरणीत रात्री मागावर उभा राहिला आणि दिवसा एका खोलीत आळीपाळीने झोपू लागला. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने दरवाजे बंद होऊ लागले तेव्हा ये-जा करणारे पुरुष बायकामुलांना घेऊन येऊन स्थिरावले. नंतर दोन दशकांत गिरण्याच बंद पडल्या. हा सगळा इतिहास त्या छायाचित्रात नाही. छायाचित्रात तो असू शकत नाही, हे मान्य. पण त्याखालच्या मजकुरात तो असायला कोणाची आडकाठी नव्हती.

आणखी एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी आहे. १९८९ पूर्वीच्या ब्रिटिश वृत्तपत्रांत हे लोक 'मुसलमान' म्हणून क्वचितच भेटतात. प्रथम ते 'वसाहतींतून आलेले', नंतर 'स्थलांतरित', मग 'पाकिस्तानी' आणि पुढे 'आशियाई' होते. रे हनीफर्ड या ब्रॅडफर्डच्या शाळाप्रमुखाने १९८४ मध्ये 'सॅलिस्बरी रिव्ह्यू' या नियतकालिकात बहुवांशिक शिक्षणावर टीका करणारा लेख लिहिला आणि शहरात मोठे वादळ उठले. १९८५ च्या अखेरीस त्याला मुदतपूर्व निवृत्ती घ्यावी लागली. त्या वादात भाग घेणारे पालक बहुतेक मुसलमान होते, तरी वृत्तपत्रांची शीर्षके 'आशियाई पालक', 'वांशिक तणाव' अशीच होती. त्याच १९८५ मध्ये मोहंमद अजीब हे ब्रॅडफर्डचे लॉर्ड मेयर झाले. तेव्हाही नवलाची बाब सांगितली गेली ती ते आशियाई असल्याची. चार वर्षांनी एका आगीत ही सारी नावे जळून गेली आणि एकच उरले. मिरपूरचा शेतकरी, सुरतेचा व्यापारी, सिल्हेटचा खानावळवाला, येमेनचा खलाशी, पूर्व आफ्रिकेतून हाकललेला डॉक्टर हे सर्व एका रात्रीत 'मुस्लिम समाज' झाले. अर्थात हे नाव केवळ बाहेरून चिकटवले गेले असे नाही. दुसऱ्या पिढीतील तरुणांनी ते स्वतःही उत्साहाने स्वीकारले, कारण 'आशियाई' या शब्दात त्यांना आपला अपमान बोलता येत नव्हता. नाव देणारा आणि नाव घेणारा हे दोघेही येथे उपस्थित होते.

जनगणनेचे खाते याहून संथ असते. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत माणसाचा धर्म विचारणारा प्रश्न प्रथम २००१ मध्ये आला, तोही ऐच्छिक. तेव्हा मुसलमानांची संख्या सुमारे साडेपंधरा लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ३ टक्के भरली. २०२१ मध्ये ती सुमारे ३९ लाख, साडेसहा टक्के झाली. म्हणजे १९८९ साली ज्या समाजाबद्दल अग्रलेख लिहिले जात होते त्याची मोजदाददेखील अद्याप झालेली नव्हती.

१४ फेब्रुवारी १९८९ रोजी तेहरान नभोवाणीवरून आयातुल्ला खोमेनी यांचा फतवा वाचला गेला. ब्रॅडफर्डची आग आणि हा फतवा यांत बरोबर एक महिन्याचे अंतर आहे. आग आधीची, फतवा नंतरचा. परंतु दूरचित्रवाणीने फतव्याच्या प्रत्येक बातमीला ब्रॅडफर्डच्या चित्रफितीची जोड दिली आणि हळूहळू लोकांच्या आठवणीत क्रम उलटा झाला: खोमेनींनी आज्ञा केली आणि ब्रॅडफर्डच्या मुसलमानांनी पुस्तक जाळले, असे सांगणारी सुशिक्षित माणसे आजही भेटतात. मिरपुरी सुन्नी, त्यांच्या मशिदी बरेलवी आणि देवबंदी परंपरेच्या. इराणच्या शिया धर्मगुरूचा शब्द त्यांच्यासाठी धर्माज्ञा नव्हता. मात्र ब्रॅडफर्डच्या काही नेत्यांनी फतव्याला जाहीर पाठिंबा देऊन या गोंधळात स्वतःच भर घातली, हेही नोंदवले पाहिजे. एका लेखकाला ठार मारण्याचे फर्मान निघाले असताना त्याच्या बाजूने निःसंदिग्धपणे उभे न राहणे ही चूक होती. जुलै १९९१ मध्ये कादंबरीचे जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांचा खून झाला. तेव्हा ही चूक किती जड होती हे कळले असेल, अशी आशा करता येते.

माध्यमांना प्रवक्ता लागतो. मशीद परिषदेचे साधे सभासद तुटक इंग्रजी बोलणारे, वाक्य संपवायला वेळ घेणारे. संध्याकाळच्या बातम्यांत त्यांना जागा नव्हती. जागा मिळाली ती कलीम सिद्दिकी यांच्यासारख्यांना. सिद्दिकी यांनी पूर्वी 'गार्डियन' या वृत्तपत्रात उपसंपादक म्हणून काम केले होते; मथळा कशाने होतो हे त्यांना कोणाकडून शिकायचे नव्हते. त्यांनी फतव्याचे समर्थन केले आणि कॅमेरे त्यांच्याकडे वळले. १९९२ मध्ये त्यांनी 'मुस्लिम संसद' नावाची संस्था स्थापन केली. तिला निवडून कोणी दिले हा प्रश्न मागे पडला आणि तिच्या नावाची भीती तेवढी पुढे आली. प्रतिनिधी कोण हे समाजाने ठरवण्याआधी वार्ताहराने ठरवून टाकले होते, आणि जो सर्वांत चढा आवाज काढतो तोच खरा मुसलमान, ही समजूत दोन्ही बाजूंना सारखीच उपयोगी पडली.

या चित्रातून कोण गळाले ते पाहण्यासारखे आहे. मे १९८९ मध्ये लंडनमध्ये 'विमेन अगेन्स्ट फंडामेंटलिझम' हा गट स्थापन झाला; त्याच्या मुळाशी 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' या संघटनेतील दक्षिण आशियाई स्त्रिया होत्या. २७ मे रोजी कादंबरीच्या विरोधातला मोठा मोर्चा संसदेसमोर आला तेव्हा या मूठभर स्त्रिया रश्दींच्या लेखनस्वातंत्र्याच्या आणि स्वतःच्या स्वातंत्र्याच्या घोषणा देत तेथे उभ्या राहिल्या. एका अंगाला मोर्चातील संतप्त तरुण, दुसऱ्या अंगाला मुसलमानांना देशाबाहेर काढा म्हणणारे वंशवादी गोरे. दोन्हीकडून शिव्या मिळाल्या. त्या स्त्रियांचे छायाचित्र जगप्रसिद्ध झाले नाही. 'मुसलमान विरुद्ध पाश्चात्त्य' अशी मांडणी एकदा पक्की झाली की दोन्ही गटांत न मावणारी व्यक्ती चित्राच्या चौकटीबाहेर जाते.

येथे थोडे मागे वळावेसे वाटते, कारण ब्रिटनमधील इस्लाम आणि छापील शब्द यांचा संबंध १९८९ मध्ये सुरू झालेला नाही. विल्यम हेन्री क्विलियम हा लिव्हरपूलचा वकील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुसलमान झाला, अब्दुल्ला हे नाव घेऊन त्याने तेथे मशीद सुरू केली आणि १८९३ पासून 'द क्रेसेंट' हे साप्ताहिक चालवले. तुर्की साम्राज्यातील आर्मेनियनांच्या कत्तलींच्या बातम्यांनी वातावरण तापले असता त्याच्या मशिदीवर दगडफेक होई, आणि तो आपल्या साप्ताहिकातून उत्तरे देई. १८८९ मध्ये लंडनजवळच्या वोकिंग येथे लायटनर या प्राच्यविद्यापंडिताने बांधवलेली मशीद भोपाळच्या शाहजहान बेगम यांच्या देणगीतून उभी राहिली आणि त्यांच्याच नावाने ती आज ओळखली जाते. वोकिंगशी पुढे जोडला गेलेला एक लेखक म्हणजे कादंबरीकार मार्माड्यूक पिकथॉल. बाल्कन युद्धांच्या काळात इंग्रजी वृत्तपत्रे तुर्कांना जे रंग फासत होती त्यावर त्याने कडाडून टीका केली. १९१७ मध्ये त्याने इस्लामचा जाहीर स्वीकार केला. १९२० मध्ये तो मुंबईस आला आणि फिरोजशहा मेहतांनी स्थापन केलेल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादकपद त्याने १९२४ पर्यंत सांभाळले. स्वतःच्या देशातील वृत्तपत्रांत ज्याला विश्वासाची जागा उरली नव्हती अशा इंग्रज मुसलमानाला ती मुंबईच्या राष्ट्रीय वृत्तपत्रात मिळाली. नंतर तो निजामाच्या सेवेत हैदराबादला गेला. तेथे असताना, १९३० मध्ये, त्याचा कुराणाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. या माणसाचे नाव १९८९ च्या इंग्रजी अग्रलेखांत आले असते तर 'इंग्लंड' आणि 'इस्लाम' या दोन परस्परांना अनोळखी वस्तू आहेत हा सूर थोडा तरी खाली आला असता.

मुंबईचा उल्लेख आलाच आहे तर तेही सांगून टाकतो. २४ फेब्रुवारी १९८९ रोजी मुंबईत याच कादंबरीच्या निषेधार्थ ब्रिटिश वकिलातीकडे निघालेल्या मोर्चाला क्रॉफर्ड मार्केट परिसरात हिंसक वळण लागले आणि पोलिसांच्या गोळीबारात १२ माणसे मेली. रश्दी मुंबईचे, मेलेले मुंबईचे. पुस्तकाच्या आयातीवर भारताने ऑक्टोबर १९८८ मध्येच बंदी घातली होती, त्यामुळे ज्या शहरात ते विकतही मिळत नव्हते त्या शहरात त्याच्यापायी माणसे गेली. ब्रॅडफर्डमध्ये कोणी मेले नव्हते. तरी जगाच्या स्मृतीत ब्रॅडफर्डची ज्वाळा राहिली, क्रॉफर्ड मार्केट राहिले नाही. (२०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर ती बंदीची अधिसूचना सरकारला सादर करता आली नाही, तेव्हा ती अस्तित्वातच नाही असे न्यायालयाने गृहीत धरले. कागदाच्या इतिहासात असेही घडते.)

त्यानंतरचा काळ परिचयाचा आहे, म्हणून वेगाने सांगतो. १९९१ चे आखाती युद्ध, २००१ चा न्यूयॉर्कवरील हल्ला, त्याच वर्षी ब्रॅडफर्डमधील दंगल, ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी गाड्यांत आणि बसमध्ये झालेले स्फोट. या शेवटच्या घटनेतील काही तरुण ब्रॅडफर्डच्या शेजारच्याच लीड्स भागात वाढलेले होते. भीती निराधार होती असे कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. प्रश्न प्रमाणाचा होता. १९९७ मध्ये 'रनीमीड ट्रस्ट' या संस्थेने 'इस्लामोफोबिया' या शब्दाला सार्वजनिक व्यवहारात आणणारा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे कार्डिफ विद्यापीठातील अभ्यासकांनी २००० ते २००८ या काळातील ब्रिटिश वृत्तपत्रांतले ९७४ लेख तपासले; त्यांतील सुमारे एक तृतीयांश दहशतवादाविषयी होते. २००८ मध्ये मात्र धार्मिक-सांस्कृतिक भेदांविषयीच्या मजकुराने दहशतवादाच्या बातम्यांनाही मागे टाकले. बुरखा, मांस, मशिदीचा मनोरा हे विषय आता बॉम्बपेक्षा अधिक जागा घेऊ लागले होते. लँकेस्टर विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञांनी तर १९९८ ते २००९ या काळातील दोन लाख लेख, सुमारे १४ कोटी ३० लाख शब्द, संगणकाच्या साह्याने चाळले. 'मुस्लिम' या शब्दाच्या शेजारी संघर्षवाचक शब्द किती वेळा येतात हे त्यांनी पाहिलेच. पण मला अधिक लक्षणीय वाटते ते त्यांचे दुसरे निरीक्षण. 'मुस्लिम जग', 'मुस्लिम समाज' अशा एकवचनी शब्दप्रयोगांतून कोट्यवधी निरनिराळ्या माणसांचे एक मन, एक राग, एक प्रतिक्रिया असल्याचे वाचकाच्या मनात नकळत ठसत जाते. व्याकरणातील वचन राजकारणात कसे उतरते याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडते.

समाजानेही या अवधीत स्वतःची पाने तयार केली. 'द मुस्लिम न्यूज' १९८९ मध्येच निघाले, 'क्यू-न्यूज' १९९२ मध्ये. दुसऱ्याने तर मशिदीतील सत्ताधाऱ्यांनाही प्रश्न विचारले, त्यामुळे त्याला घरचेही टीकाकार लाभले. हनीफ कुरेशी यांच्या १९९४ मधील 'माय सन द फनॅटिक' या कथेत टॅक्सीचालक बाप आणि धर्माकडे वळलेला मुलगा समोरासमोर येतात. वृत्तपत्रांना जे दशकभर साधले नाही ते त्या काही पानांत साधले आहे, असे माझे मत आहे. कथेला प्रवक्ता लागत नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये 'द सन' या मोठ्या खपाच्या दैनिकाने पहिल्या पानावर मथळा दिला की पाचांपैकी एका ब्रिटिश मुसलमानाला जिहादींविषयी सहानुभूती आहे. प्रत्यक्ष पाहणीत प्रश्न असा होता की सीरियातील लढवय्यांना सामील होण्यासाठी देश सोडणाऱ्या तरुण मुसलमानांविषयी तुम्हाला किती सहानुभूती वाटते. 'जिहादी' हा शब्द प्रश्नात नव्हता. कोणत्या लढवय्यांना सामील होण्यासाठी, हेही विचारलेले नव्हते. वाट चुकलेल्या मुलाविषयी शेजाऱ्याला वाटणारी कणव आणि त्याच्या बंदुकीला दिलेली संमती एकाच आकड्यात ओतली गेली होती. हजारो तक्रारी झाल्या. मार्च २०१६ मध्ये वृत्तपत्रांच्या स्वनियामक संस्थेने मथळा लक्षणीयरीत्या दिशाभूल करणारा असल्याचा निर्णय दिला. मथळा पहिल्या पानावर होता. निर्णय आतल्या पानावर छापला गेला.

१२ ऑगस्ट २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा येथे व्यासपीठावर रश्दींवर सुरीने हल्ला झाला. त्यांचा एक डोळा गेला. २०२४ मध्ये त्यांनी त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. हल्लेखोर २४ वर्षांचा होता. 'द सॅटॅनिक व्हर्सेस' प्रसिद्ध झाली तेव्हा तो जन्मलाही नव्हता, आणि ब्रॅडफर्डशी त्याचा काही संबंध नव्हता. बातम्यांबरोबर जुनी चित्रे बाहेर निघाली, त्यांत १४ जानेवारी १९८९ ची ती आगही होती. त्या चौकात उभे असलेले कित्येक जण एव्हाना वृद्ध झाले असतील, काही हयात नसतील. चित्रात ते तसेच आहेत, लोकरी टोप्या घालून, ज्वाळेकडे पाहत. बोल्टनचे सात हजार मात्र कोणालाच आठवले नाहीत.